दोन मिनिटांचा पाहुणचार

वसईत फ्लॅट घेताना बाबा आईला म्हणाले होते, "गुजरातहून कोकणात, केरळात जाणाऱ्या कितीतरी गाड्या इथे थांबतात. तुझ्या माहेरचे येत राहतील." बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. सगळे आले. दोन-दोन मिनिटांसाठी, तेही गाडीतून न उतरता.

आमचं स्टेशन ब्रिटिशांच्या काळातलं. जाणकार त्याच्या इतिहासाबद्दल भरभरून बोलतात. त्या इतिहासात आमच्या दिवाणखान्याचा उल्लेख नसतो, पण तो तिथल्या फलाटावरच होता. आदल्या दिवशी फोन यायचा, "उद्या तुमच्यावरून जातोय." लगेच आई जवळच्या नंदाखालहून सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, आणायची, पोळ्या लाटायची. खिडकीतून भरलेला डबा आत, मागच्या वेळचा रिकामा डबा बाहेर. मामांनी एकदा मुलीचं लग्न ठरल्याची बातमी, पत्रिका आणि "आहेर आणू नका हं" एवढं सगळं सिग्नल मिळायच्या आत उरकलं होतं. अशा माणसाला खरं तर टाइमटेबल करायला बसवायला हवं.

गाडी हलायच्या सुमारास आई म्हणायची, "उतरा ना, दहा मिनिटांवर घर आहे." आतून उत्तर यायचं, "पुढच्या वेळी नक्की!" दोन्ही बाजूंना आपापली वाक्यं पाठ होती. मला या प्रकाराची मनापासून चीड यायची, कारण घरी परतल्यावर आई पाहुण्यांसाठी काढलेले कप एकेक करून परत कपाटात ठेवायची.

सगळ्यात जास्त वेळा "पुढच्या वेळी नक्की" म्हणणारी म्हणजे सुरतेची मावशी, आईची मोठी बहीण. यंदा तिचा मुलगा तिला कायमचं कोचीला न्यायला निघाला. फोनवर म्हणाला, "मावशी, आई हल्ली माणसं विसरते. मनावर घेऊ नकोस."

"मला कशी विसरेल?" आई म्हणाली. मग दिवसभर मला विचारत राहिली, "ओळखेल ना गं ताई?"

गाडी आली. डबा एसीचा, म्हणजे खिडकी बंद. प्रगती झाली की आधी डबे देण्याची सोय जाते. आम्ही दाराशी धावलो. मावशी दारातच उभी होती, खांद्याला पर्स. मावसभावाने सुकेळ्यांची पिशवी घेतली आणि बर्थवर ठेवायला आत गेला. आईने मावशीचा हात धरला. मावशी तिच्याकडे पाहून हसली, एखाद्या अनोळखी सहप्रवाशाकडे पाहून हसावं तसं. आईचा चेहरा पडला. तरी ती सवयीने म्हणाली, "उतर ना ताई. दहा मिनिटांवर घर आहे."

"चला," मावशी म्हणाली, आणि उतरली.

तेवढ्यात गाडी हलली. मावसभाऊ दारात आला, त्याचं तोंड उघडं, हातात सुकेळी. मी ओरडले, "पनवेलला उतर! आम्ही आहोत हिच्याजवळ!" इतक्या वर्षांत आमचं आमंत्रण एकदाच कोणीतरी मनावर घेतलं, आणि घेणारीला आम्ही कोण ते माहीत नव्हतं.

मावसभाऊ सगळं सामान घेऊन टॅक्सीने संध्याकाळी पोचला. फोनवर तो माझ्याशी काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोवर मावशीने आमच्याकडे वरणभात खाल्ला, गॅलरीत बसून कपड्यांच्या घड्या घातल्या. दुपारी आईने ते कपाटातले कप काढून चहा केला.

चहा पिता पिता मावशी आईला म्हणाली, "छान आहे हो घर. माझी धाकटी बहीण इथेच कुठेतरी राहते. दर वेळी उतर म्हणते बिचारी. एकदा जायला पाहिजे तिच्याकडे."

आईने तिच्या कपात आणखी चहा ओतला.

"जा ना," ती म्हणाली. "वाट बघत असेल ती."