डॉस पुसून वाचवलेले तीस सेकंद

मंडळी, आज दुकानात जे झालं, ते अजून गळ्याखाली उतरत नाही.

साताऱ्यातल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात मी एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि त्याच्या आधीची जुनी प्रणाली डॉस, दोन्ही ठेवलं होतं. कारण मराठी टायपिंगचं पॅकेज फक्त डॉसवर चालायचं. सुरू होताना कोणतं हवं ते विचारायला मशीन तीस सेकंद थांबायचं.

सकाळी पाहतो तर डॉस गायब, आणि त्याच्यासोबत पॅकेजही. मालक खुशीत म्हणाले, "पुतण्यानं पुसलं. बघ कसं झटक्यात सुरू होतंय!"

नकला होऊ नयेत म्हणून ते पॅकेज मूळ फ्लॉपीवरून एकदाच चढतं. पुसण्याआधी त्याचा परवाना परत फ्लॉपीवर घेतला नाही, तर पॅकेज कायमचं गेलं.

पाटणचे निवृत्त सुभेदार आबा दर मंगळवारी लढाईच्या आठवणी सांगायचे, मी टाइप करायचो. चाळीस पानं झाली होती. शुद्धलेखन तपासून सगळं एकदमच छापू, असं मीच म्हणालो होतो. आता विंडोजच्या भागात ठेवलेली फाइल आहे, पण त्या पॅकेजशिवाय उघडत नाही.

आज आबा आले. मी विचारलं, "पुन्हा सांगाल का?"

"एकडाव बोलून मोकळा झालो हुतो रं. पुन्यांदा न्हाई जमायचं."

तुमच्यापैकी कुणाच्या मशीनवर डॉस आणि ते पॅकेज अजून आहे का? आबांची फाइल उघडून छापायची आहे.