अब्बांचं पाणी घेऊन भंडारदऱ्याला

आधीच सांगून ठेवते, ही पोस्ट जरा बढाईखोर आहे. गाडी घरची, गाडीतला ओटा घरचा आणि गाडीतल्या पाण्याची मुखत्यार मी. नम्रपणे लिहिलेली प्रवासवर्णनं आवडणाऱ्यांनी फोटो बघून पुढे सरकावं, माझा राग नाही.

माझा नवरा इरफान नगरात टेम्पोच्या बॉड्या बांधतो. (पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, आमच्या तोंडात अजून नगरच आहे.) त्याने एक जुना ट्रॅव्हलर घेऊन त्यात झोपायचे बाक, शेगडी आणि पाण्याचे दोन कॅन हलू नयेत म्हणून लोखंडी चौकट बसवली. पहिल्या लांबच्या सफरीला कुणाला न्यायचं यावर घरात वादच झाला नाही. माझे सासरे, म्हणजे आमचे अब्बा, यांनी उभी हयात पाण्याचा टँकर चालवला. नेवाशाकडे प्रवरेवर भरायचा आणि पाथर्डीकडच्या कोरड्या गावांत नेऊन रिकामा करायचा. पण ती प्रवरा जिथे अडवली आहे ते भंडारदरा धरण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बोलता बोलता एकदा म्हणाले होते, "एवढं पानी वाह्यलं, पन त्याचं घर कदी बगितलं न्हाई." (घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बा गाडीत बसले की त्यांची टँकरवरची मराठी सुरू होते. इथे ती तशीच ठेवली आहे.)

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. अब्बा नुकतेच काविळीतून उठले होते. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, पण पाणी उकळलेलंच, तेही स्वच्छ भांड्यातलं, अशी अट घातली. माझी नणंद मुमताज आपा तर थेट म्हणाली, "त्यांना परत काही झालं तर मी तुलाच विचारीन, नसरीन." मी म्हटलं, खुशाल विचार. म्हटलं खरं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता कामाचं. गाडीत पाणी न्यायचं असेल तर कॅन नवाच घ्या, खाण्याच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या प्लास्टिकचा. तेलाचा किंवा औषधाचा जुना कॅन कितीही धुतला तरी वास सोडत नाही. नव्या कॅनलाही वास असतोच; कोमट पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर ठेवला की तो जातो. प्यायच्या पाण्याचा कॅन वेगळा, भांडी घासायचा वेगळा. मी प्यायच्या कॅनला हिरवी चिंधी बांधली. तोटी पिळून काढायची आणि जुन्या टूथब्रशने आतून घासायची, कारण बुळबुळीत थर धरतो तो तिथेच. अब्बा दारातल्या ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. शेवटी म्हणालेच, "आता पान्याला बी न्हाऊ घालती का काय?"

पहाटे निघालो. पहिला थांबा सोनईला, अब्बांचे जुने दोस्त गोरखकाका यांच्याकडे जेवायचा. बाजरीची भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि वर ताक. अब्बांनी विहिरीचं पाणी पिऊ नये म्हणून मी कॅन घेऊनच घरात गेले. गाडी बघायला अर्धी आळी जमली होती. नगरचं पाणी कसं लागतं म्हणून प्रत्येकाने ग्लास ग्लास पिऊन बघितलं आणि अब्बांची वाटेपुरती बाटली सोडता कॅन रिकामा झाला. मी तो धुतला, अंगणात उन्हात बाजेवर उपडा घातला. निघताना गोरखकाकांच्या मालकीणबाई, आमच्या काकू, यांनी तो झाकण लावून स्वतः गाडीत आणून ठेवला. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना मिठीच मारली.

नेवाशाला नदीवर थांबलो. अब्बा खाली उतरले, टँकर कुठे लावायचे, पाइप कुठून टाकायचे ते सगळं इरफानला दाखवून झालं. पुढे श्रीरामपूर, संगमनेर. ऊसतोडीच्या हंगामात येणार असाल तर सावध राहा, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवतात आणि बहुतेकांना मागचा दिवा नसतो. म्हणून अंधारात गाडी चालवायचं टाळून आम्ही संगमनेरला एका पेट्रोलपंपावर, मालकाला विचारून, मुक्काम केला. पंपावरचं पाणी उकळून झाकून ठेवलं आणि सकाळी नरसाळ्याने कॅनमध्ये ओतलं. आत डोकावून बघितलं नाही. माझ्याच हातचा धुतलेला कॅन, त्यात काय बघायचं?

संगमनेरपुढच्या अकोले गावानंतर रस्ता वळणावळणाचा आणि सुरेख आहे. राजूरला पेढे घ्या, सगळे घेतात, आणि बरोबरच करतात. भंडारदऱ्याला काठावर बऱ्याच जणांनी तंबू टाकलेत. गाडी लावायलाही जागा देतात. भाव आधी ठरवा आणि संडास आधी बघा.

अब्बा उतरले आणि पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. पावसाळा नुकताच सरला होता, धरण काठोकाठ होतं. मग म्हणाले, "एवढं! अन आमी टिपाडाला टिपाड लावून भांडनं मिटवीत हुतो." (टिपाड म्हणजे पाण्याचं पिंप.) डोळे पुसले आणि पाणी मागितलं. मी तोटी सोडली. ग्लासात मुंगी आली. दुसरा भरला, त्यात तीन.

झाकण उघडलं तर आत मुंग्या तरंगत होत्या, आणि तोंडाच्या आट्यांत चिकट काळी रेघ. बोट लावून चाखलं तर गोड, साखर! सोनईला फोन लावला. काकूंचा आवाज अगदी निवांत. "व्हय, मीच टाकली मूठभर साखर. रिकामं भांडं लांबच्या वाटंला कसं धाडायचं, पोरी?"

आमच्या घरीही शेजारचा डबा रिकामा परत जात नाही. फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला.

प्यायला दुसरं पाणी गाडीत नव्हतं, आणि ऊन चढलं होतं. "गाळून घे की मुंग्या," इरफान म्हणाला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. अब्बा तोवर काठाशी जाऊन वाकले होते. ओंजळ भरलीसुद्धा.

"अब्बा, नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या तंबूतले लोक बाहेर आले. सासऱ्यांवर आवाज चढवायची ही माझी पहिलीच वेळ.

"जनमभर हेच पेलो मी," अब्बा तडकले.

"तेव्हा कावीळ नव्हती. थोडं थांबा. माझ्यासाठी थांबा."

त्यांनी ओंजळ सोडली. मग माझ्याकडे न बघता दगडावर जाऊन बसले.

तंबूवाल्या दादांनी बोअरचं पाणी दिलं. ते उकळायला ठेवून मी कॅन घेऊन बसले. हे लिहून घ्या: कॅनमध्ये हात जात नाही, तेव्हा मूठभर तांदूळ, सोडा आणि कोमट पाणी घालून झाकण लावायचं आणि खूप हलवायचं. तांदूळ कोपरे खरवडतात. उकळतं पाणी ओतू नका, कॅन वाकतो. मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा विसळून, मेडिकलमध्ये मिळणारे क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालून ठेवायचे. क्लोरीन आणि व्हिनेगर कधीही एकत्र करायचे नाहीत. माझे हात भरून आले तेव्हा कॅन कुणीतरी ओढून घेतला. अब्बा होते. मांड्यांत धरून जोर लावून हलवायला लागले.

दादांना हसू आवरेना. "चाचा, समोर दर्या भरलाय आन तुमी तहानलेले?"

"आमच्या गाडीत पान्याची मालकीन ही हाय," अब्बा म्हणाले. "ती दील तवाच प्यायाचं."

मी शेगडीकडे बघत बसले. मघाच्या ओरडण्याची सगळी लाज निघून गेली.

जरा वेळाने अब्बाच हळू आवाजात बोलले. "आमचा टँकर आतनं कदी धुतला न्हाई गं. झाकन उगडायचं, भरायचं, लावायचं. लोकं ल्हान लेकरांना पाजत हुती."

मी कॅन विसळत राहिले. दुपार कलल्यावर थंड झालेल्या पाण्याचा पहिला ग्लास त्यांना दिला. त्यांनी आधी उजेडाकडे धरून बघितला, मग बसून तीन घोटांत संपवला. संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि पिठलं खाल्लं, दोन दिवस राहिलो, आणि अब्बा रोज सकाळी काठावर जाऊन पाणी बघून यायचे.

घरी आल्यावर कॅनचं काम संपत नाही, तेही सांगते. रिकामा करा, धुवा, तोटी सुटी करा, उपडा ठेवून पूर्ण वाळू द्या. ओला कॅन झाकण घट्ट लावून माळ्यावर टाकला की कुबट वास धरलाच म्हणून समजा. मी तोंडाला सुती फडकं बांधते, झाकण वेगळं ठेवते आणि भरण्याआधी आत बघते. आता बघतेच!

अब्बांची रक्ततपासणी चांगली आली. मुमताज आपाने रिपोर्ट दोनदा वाचला, मग माझा हात धरून म्हणाली, "कॅन कुठून आणलेस ते सांग." माझ्यासाठी ही सफर तिथेच संपली होती.

पण गेल्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी अब्बा चालवायचे तोच टँकर येऊन उभा राहिला. अब्बांच्या जागी आता अशोक नावाचा ड्रायव्हर आहे, त्याला अब्बांनीच बोलावून घेतलं होतं. तो आत उतरून सकाळभर घासत होता, आणि अब्बा खुर्ची टाकून बाहेरून हुकूम सोडत होते. दुपारी मला हाक आली.

"नसरीन, शिडी चढ. आत बग. तू व्हय म्हनल्याबिगर ह्याचं झाकन लागायचं न्हाई."

सगळी गल्ली बघत होती. मी ओढणी कमरेला खोचली, वर चढले, मोबाईलचा टॉर्च आत मारला.

"अब्बा, मागच्या कोपऱ्यात अजून गाळ आहे."

अब्बा अशोककडे वळले. "आयकलंस? उतर परत."