परतीच्या नळीवर

वडील गेले त्या हिवाळ्यात आईनं गार पाण्यानं अंघोळ सुरू केली. सुतकाचे दिवस होते तोवर कुणी काही बोललं नाही. ते सरल्यावरही ती थांबेना, तेव्हा मला भीती वाटू लागली. थंडीत तिची छाती भरते. पहाटेचा तिचा खोकला माडीवर माझ्या खोलीत ऐकू यायचा.

परतूरचं आमचं घर दोन मजली, गच्चीवर सोलर. माडीवरच्या न्हाणीत गरम पाणी लगेच येतं. खालच्या न्हाणीत यायचं तर नळीत साचलेलं गार पाणी आधी वाहून जाऊ द्यावं लागतं. आमच्या गावात नळाला पाणी आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा येतं. त्यामुळे तोटी सोडून वाट बघत बसणं आमच्या घरात कुणाला जमत नाही. आईला जिना चढवेना तेव्हापासून वडीलच माडीवर बादली भरून खाली आणायचे. एका हातात बादली, दुसरा हात कठड्यावर.

ते गेल्यावर मी बादली खाली नेली. आईनं ती दाराशीच ठेवून घेतली.

"तुला शिकवायला कॉलेजला जायचं असतंय. मला नको."

"बाबा आणायचेच की."

"ते आणायचे," आई म्हणाली. पाणी निवल्यावर तिनं त्यात भांडी विसळली.

मग मी वाचायला बसलो. दुःखात माणसं काय काय करतात. मी गरम पाण्याच्या नळ्यांविषयी वाचत होतो. वाचताना कळलं, की आमच्या सोलरला पंपच नाही. काचेच्या नळ्यांत पाणी तापतं, हलकं होतं, आपोआप वर टाकीत जातं. त्याच्या जागी टाकीतलं गार पाणी खाली उतरतं. ऊन असेतोवर हे चालूच राहतं. हे समजलं त्या दुपारी मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. काही हलताना दिसत नव्हतं, आवाज नव्हता. आम्ही खाली जेवत होतो, भांडत होतो, वडिलांना उचलून बाहेर नेत होतो, तेव्हाही त्या काचेत पाणी असंच चढत-उतरत असणार. मी कितीतरी वेळ तिथून हललो नाही.

पण दोन मजले खाली उतरून परत वर यायचं तर ते पाण्याला आपलं आपण जमत नाही. खालच्या न्हाणीपासून टाकीपर्यंत परतीची एक नळी हवी, आणि पाणी फिरवायला एक लहान पंप हवा; म्हणजे नळीत साचलेलं गार पाणी वाया न जाता टाकीत परत जातं, आणि त्याच्या मागून गरम खाली येतं. प्रश्न एवढाच, की तो बसवायचा कुठं.

मिस्त्री आमच्या ओळखीतले, वडिलांच्याच वयाचे. परतीची नळी भिंतीवरून नेऊन त्यांनी पंप गच्चीवर, टाकीतून गरम पाणी निघतं तिथंच बसवला.

"प्रेशरचे पंप मी समद्या घरांत वरच बसवून राह्यलो, सर. बिलकुल टेन्शन न्हाई."

मलाही ते बरोबरच वाटलं. पंप सुरू केला, तर गुडगुड आवाज येऊ लागला. खाली पाण्याचा पत्ता नाही.

मिस्त्रींनी जिन्यातून आईला ओरडून सांगितलं, "अम्मा, तुमचा पंप हुक्का ओढून राह्यला!"

खालून आईचा आवाज आला, "मंग तंबाखू बदला की त्याची."

मिस्त्री हसले. मी हसलो नाही, कारण आई थट्टा करतेय हे समजायलाच मला वेळ लागला.

आम्ही दोघं टाकीपाशी उकिडवे बसलो. सोलरच्या टाकीवर हवेसाठी एक उभी नळी असते. मिस्त्रींनी तिच्या तोंडावर तळहात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मग मी ठेवला. हात आत ओढला जात होता.

गच्चीवरची गार पाण्याची टाकी तळाला गेलेली होती. नळ आला नव्हता. पाण्याचा दाब नाही, आणि पंप हवेच्या नळीला खेटून. त्यानं पाण्याऐवजी हवाच ओढली. टाकी भरलेली असती तर कदाचित चाललं असतं. पण आमच्या गावात टाकी भरलेली असते किती दिवस?

"मंग खाली घेऊ," मिस्त्री म्हणाले. "परतीच्या नळीवर, न्हाणीजवळ. तिथं वरच्या पाण्याचं सगळं वजन त्याच्या अंगावर येतंय. हवा घुसायला जागाच न्हाई."

मला वाचलेलं आठवलं: तिथपर्यंत येताना पाणी थोडं निवलेलं असतं, त्यामुळे पंपही जास्त टिकतो. आईला सांगितलं, तर तिनं तिसरंच कारण काढलं. "वर ठेवला असता तर बटन दाबायला मला काय खांद्यावर नेणार होता का तुम्ही?"

संध्याकाळपर्यंत पंप खाली आला. पाणी उलटं फिरू नये म्हणून त्याच्यापुढं एक वॉल्व्ह, आणि न्हाणीच्या दाराबाहेर आईच्या हाताला येईल असं बटन.

सकाळी आईनं बटन दाबलं. बारीकशी घरघर, कान दिल्याशिवाय ऐकू न येणारी. वरून उतरणाऱ्या नळीवर मी हात ठेवला. गार. गारच. मग बोटांखाली काहीतरी बदललं. ऊब वरून खाली येत होती, माझ्या हातातून पुढं जात होती. रात्र उलटून गेली होती, गच्चीवर धुकं होतं, आणि आदल्या दिवशीचं ऊन भिंतीवरून उतरत आईपर्यंत चाललं होतं. थोड्या वेळानं परतीची नळीही कोमट झाली.

आईनं तोटी सोडली आणि बोटं धारेखाली धरली. झटकन मागं घेतली, पुन्हा धरली.

"बादली घेऊन जिन्यात दोनदा टेकायचे ते," ती म्हणाली. "हितं येईस्तोवर कोमट व्हायचं. मी कधी म्हटलं न्हाई त्यांना."

तिनं बटन बंद केलं आणि न्हाणीचं दार लावून घेतलं. आतून तांब्यामागून तांब्या पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला, सावकाश, अजिबात घाई नसलेला. झरोक्यातून वाफ बाहेर येऊन धुक्यात मिसळत होती. मी नळीवरचा हात काढला नाही.