नळी निवडेपर्यंत

व्हर्लिन हाउप्टला रायफलीची नवी नळी घ्यायची होती. नेब्रास्काच्या त्या पश्चिम टोकाला ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ झाली होती. शेतात गोल फिरून पाणी देणारी लांबलचक यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. मक्याच्या शेतात चाकाखाली पाठीवर पडून बोल्ट पिळत असला, तरी शेताचा मालक गाडी थांबवून काच खाली करायचा आणि विचारायचा, "काय मग, ठरली का नळी?"

"बघतोय," व्हर्लिन चाकाखालून सांगायचा. मग बाहेर येऊन, हात पुसून, गाडीच्या दाराला टेकून तो पंधरा-वीस मिनिटं नळीबद्दल बोलायचा.

जुनी नळी संपली होती हे खरंच होतं. महिन्यातून एकदा टेकड्यांतल्या नेमबाजीच्या रेंजवर तीन बंदुकांची मॅच असायची. एकाच फेरीत पिस्तूल, शॉटगन आणि रायफल, तीनही पळत पळत चालवायच्या आणि घड्याळ मागे लागलेलं. इतक्या वर्षांच्या मॅचेसनी नळीच्या आतला पीळ, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या खाचा, मुळाशी झिजून गेला होता. बंदूक दुरुस्त करणाऱ्या गिब लेनहार्टने बारीक कॅमेऱ्याची दांडी आत घालून त्याला दाखवलंही होतं. आत वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा होत्या. जवळचे निशाणाचे कागद अजून फुटायचे, पण तीनशे यार्डांपलीकडच्या लोखंडी पाट्यांवर गोळी लागेल की नाही हे आता गोळीच ठरवायची.

हे गिबने दाखवलं त्याला दोन उन्हाळे झाले होते.

"अठरा इंची घे आणि मोकळा हो," गिब दर गुरुवारी म्हणायचा. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो व्हर्लिनसाठी काउंटरमागचं स्टूल पुढे सरकवायचा.

"अठराच घेतो रे. पण बारीक की मधली?"

"मागच्या गुरुवारी बारीक ठरली होती."

"बारीक तापली की गोळी सरकते. आधी जवळच्या कागदांवर धडाधड वीस-बावीस झाडायच्या आणि लगेच लांबच्या पाट्या. तेव्हा सरकली तर?"

"मग जाड घे."

"जाड घेतली की दारातून वळताना मी पुढे जातो आणि बंदूक मागे राहते."

"तुझं वय बघता तूही मागेच राहतोस."

दोघं हसायचे. गिब कॉफी ओतायचा. व्हर्लिन मग पिळाकडे वळायचा. सात इंचांत एक वेढा की आठ इंचांत, कुठल्या वजनाच्या गोळीला कुठला. त्यातच तास जायचा.

रविवारी दुपारी मार्लिसचा फोन यायचा. मार्लिस म्हणजे व्हर्लिनची बायको. मुलीच्या बाळंतपणासाठी ती दूर स्पोकेनला गेली ती सहा आठवड्यांसाठी. मग बाळाचा कान दुखायला लागला, मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग दुसरं बाळ झालं. कुणी कुणाला सोडलं नव्हतं. तिचा हिवाळी कोट अजून मागच्या दाराच्या खुंटीवर होता, आणि तिकडे तिने दुसरा कोट घेतला होता.

"नळीचं काय झालं?" ती विचारायची. लगेच मागे नळ सुरू व्हायचा, भांडी वाजायला लागायची. व्हर्लिन बोलायचा, ती मधून मधून "हं" करायची. सगळी भांडी होईपर्यंत तो बोलू शकायचा. मार्लिसला बंदुकांत काडीचा रस नव्हता, हे त्याला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. पण प्रश्न दर रविवारी तीच विचारायची.

व्हर्लिन भोळा नव्हता. नळी आली की प्रश्न संपणार, हे त्याला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. एकदा ऑर्डर देण्यासाठी त्याने फोन उचलला होता. पलीकडून कंपनीतल्या पोरीने "काय हवंय आपल्याला?" असं विचारल्यावर त्याने बारीक आणि मधलीतला फरक विचारला, तिचे आभार मानले आणि फोन ठेवून दिला. लांबच्या पाट्या चुकत होत्या, गुण जात होते, जाऊ देत. ज्याच्याकडे नळी आहे त्याच्याशी नळीबद्दल कोण बोलणार?

मॅचला व्हर्लिनची चौघांची तुकडी ठरलेली होती. शॉना कोल्ब बीटचे ट्रक चालवायची आणि तोंडाने फटकळ होती. टाव्हो रुएलास साखर कारखान्यात वेल्डर होता. तो व्हर्लिनला चेष्टेने आणि थोड्या मानानेही 'डॉन व्हर्लिन' म्हणायचा, स्पॅनिशमध्ये वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. चौथा कर्ट ब्रँडल, तो फारसा बोलायचाच नाही. एकाची फेरी झाली की बाकीच्यांनी पुढे जाऊन कागदांच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावायच्या, पडलेल्या पाट्या उभ्या करायच्या. हे काम कुणाला चुकायचं नाही, आणि सगळ्या गप्पा त्यातच व्हायच्या. दुपारी ट्रकचं मागचं फळकूट पाडून त्यावर जेवण. राजमा-खिम्याची गरम चिली आणि बरोबर दालचिनीचे रोल, तिकडे शाळेपासून खातात तसे.

मे महिन्याच्या मॅचला जेवण झाल्यावर शॉनाने ट्रकच्या सीटमागून एक लांब पुठ्ठ्याचं नळकांडं काढलं. त्याला नाताळचा उरलेला कागद गुंडाळला होता, त्यावर हरणं होती.

"घे म्हाताऱ्या. आता पुरे झालं तुझं."

"हे काय?"

"तुला काय वाटतं, झाडू आहे? उघड."

व्हर्लिनने कागद न फाडता, चिकटपट्टी नखाने सोडवत उघडला. आत तेलकट कागदात नळी होती. अठरा इंची, मधल्या जाडीची, मुळाशी भरलेली आणि पुढे बारीक होत गेलेली. आठ इंचांना एक वेढा.

"तुम्हीच म्हणाला होतात मार्चमध्ये," टाव्हो म्हणाला. "मागे जाड म्हणजे तापली तरी सरकणार नाही, पुढे बारीक म्हणजे वळताना अडणार नाही. म्हटलं होतं ना, डॉन व्हर्लिन? मी शॉनाला म्हटलं, हे लिहून ठेव."

"मी म्हटलं, लिहायला कशाला पाहिजे, दर महिन्याला ऐकतेय," शॉना म्हणाली. "आम्ही तिघांनी मिळून घेतलीय. गिब फुकट बसवून देणार आहे. आता रडायचं नाही."

"रडत नाही," व्हर्लिन म्हणाला.

"मग काहीतरी बोल की!"

त्याला वाटत होतं यांचं लक्षच नसतं. कागदांवर पट्ट्या लावता लावता, 'हो', 'बरोबर' करत ते आपापल्या विचारात असतात. पण त्यांनी एकेक शब्द ऐकला होता. त्याला स्वतःला निवडायची असती तर त्याने हीच निवडली असती. म्हणूनच तर या नळीचं नाव निघालं की तो लगेच दुसऱ्या नळीकडे वळायचा.

"फार चांगली आहे," तो म्हणाला. कर्टने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि रोलचा शेवटचा तुकडा उचलला.

गिबने नळी बसवून दिली. त्या गुरुवारी स्टूल पुढे सरकवायची वेळच आली नाही. रायफल काउंटरवर तयार होती. "जा, कागदावर नेम जुळवून ये," गिब म्हणाला आणि मागच्या खोलीत कामाला गेला.

मंगळवारी रेंजवर कुणी नव्हतं. व्हर्लिनने रायफलीवरची दुर्बीण नव्या नळीशी जुळवून घेतली. शंभर यार्डांवर पाच गोळ्या बाटलीच्या बुचाखाली झाकल्या जातील अशा बसल्या. मग त्याने भराभर वीस झाडल्या. नळीवर हात ठेववेना. तशाच तापल्या नळीने त्याने पुन्हा पाच मारल्या. त्याही त्याच जागी. कुरकुर करायला तिने जागाच ठेवली नव्हती. व्हर्लिन कागद हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. तो दाखवायला तिथे कुणी नव्हतं.

रविवारी मार्लिसने विचारलं, "नळीचं काय झालं?"

"आली. पोरांनी घेऊन दिली. बसवली पण."

"अय्या, खरंच? कसली गोड माणसं! चला, सुटलास एकदाचा." भांड्यांचा आवाज दोन-तीन वेळा झाला. "मग... बाकी ठीक?"

"ठीक."

"बरं मग. ठेवते."

नळ अजून चालूच होता तेव्हा फोन बंद झाला.

जूनच्या मॅचला शॉना त्याच्याआधी येऊन बसली होती. "दाखव रे आमचं बाळ," ती म्हणाली. पण तेवढंच. चिकटपट्ट्या लावताना बोलणं कर्टच्या शॉटगनवर गेलं. तिच्यात काडतूस अडकत होतं, आणि कधी न बोलणारा कर्ट आज तोंड उघडून बोलत होता. टाव्हो त्याला विचारत होता, "स्प्रिंग बघितलीस? आणि तेल कुठलं घालतोस?" व्हर्लिन दोन पावलं मागे, पट्ट्यांचा रोल बोटात घालून चालत होता.

शेवटची फेरी लांबची होती. आधी भिंतीआडून कागद, मग तीन पायऱ्या चढून लाकडी चौथऱ्यावर आडवं पडायचं आणि दूरच्या पाच पाट्या. व्हर्लिनची पाळी आली. घड्याळाची शिट्टी वाजली. कागद झाले. चौथऱ्यावर तो आडवा झाला, पहिली पाटी वाजली, दुसरी, तिसरी. दोन वर्षांत अशा ओळीने वाजल्या नव्हत्या. मागून शॉना ओरडत होती, "चल म्हाताऱ्या, चल!" चौथीवर दुर्बिणीतली खूण थेट मधोमध थांबली होती. व्हर्लिनने ती किंचित डावीकडे नेली आणि चाप ओढला. धूळ उडाली. पुन्हा नेली, पुन्हा धूळ. पाचवीलाही तसंच. वेळ संपली.

"तापल्यावर डावीकडे जातेय," खाली उतरल्यावर तो म्हणाला. कसं कोण जाणे, आवाज अगदी नेहमीसारखा आला, मागच्या दोन उन्हाळ्यांसारखा.

आणि खरंच, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. टाव्होने दुर्बिणीतून पाहिलं होतं. "हो, डावीकडेच गेल्या, मी बघितल्या." कर्टने स्वतःची शॉटगन बाजूला ठेवली. "गिबने नीट आवळली असेल ना?" "जाड पाहिजे होती का?" व्हर्लिन सांगू लागला, आणि त्याला एकदम बरं वाटलं, थंडीतून आत आल्यासारखं. मग त्याचं लक्ष शॉनाकडे गेलं. तिच्या मानेवर लाल चट्टे आले होते.

"मीच म्हटलं मधली घेऊ," ती म्हणाली. "टाव्हो म्हणत होता त्यालाच विचारू. मी म्हटलं, नको, मला माहितीय त्याला काय पाहिजे."

"अगं, तसं नाही..."

"मॅच संपली की सरावाच्या जागी चल. मी मारून बघते. परत देऊ ती, बदलून घेऊ."

मॅच संपल्यावर तिने रायफल घेतली. आधी समोरच्या मातीच्या बांधावर भराभर वीस झाडल्या, नळी तापवली. मग लांबची पाटी. वाजली. पुन्हा वाजली. तिने सगळी मॅगझीन त्या पाटीवर रिकामी केली आणि एकही चुकली नाही. तिने बंदूक मोकळी केली, ती रिकामी असल्याची पिवळी खूणपट्टी आत घातली आणि वळून व्हर्लिनकडे पाहिलं. टाव्होने दुर्बीण खाली केली.

"नळी चांगली आहे," व्हर्लिन म्हणाला. "माझाच हात हलला."

"हात हलला?"

"हलला. नळीत काही खोट नाही. तू बरोबर निवडलीस."

शॉना त्याच्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं आणि काय नाही, ते तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. "मग तसं आधी सांगायचं," ती म्हणाली आणि रायफल त्याच्या हातात दिली. टाव्हो म्हणाला, "डोळे तपासून घ्या एकदा, डॉन व्हर्लिन." तो हे इतक्या हळू आवाजात म्हणाला की व्हर्लिनला वाटलं, याने थट्टा केली असती तर बरं झालं असतं. मग ते तिघं कर्टच्या ट्रककडे गेले, शॉटगन उघडून बघायला. त्याला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं.

रविवारी फोन वाजायच्या आधी व्हर्लिनने चाप बदलायचा विचार केला. चाप हा मोठा विषय आहे, दोन वर्षं सहज जातील. मनात वाक्यंही तयार झाली.

"कसा आहेस?" मार्लिस म्हणाली.

"बरा आहे. मी म्हणतो, आता चाप..." तो थांबला. पलीकडे नळ सुरू झाला होता. "मार्लिस, तू परत कधी येणार आहेस?"

नळ बंद झाला.

"हे तू आज विचारतोयस?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"आज विचारतोय."

"मला वाटलं होतं, पहिल्याच हिवाळ्यात विचारशील. मी उत्तर ठरवून ठेवलं होतं तेव्हा." तिने एक भांडं पालथं घातल्याचा आवाज आला. "नाही येणार मी, व्हर्लिन, बहुतेक. इथे माझं सगळं बस्तान बसलंय आता."

"बरं."

"फोन करत जाईन ना मी."

"करत जा. पण नळी तर आली. बोलायचं कशाबद्दल?"

"ते मला काय माहीत," ती म्हणाली, आणि तेवढ्यात मागे काहीतरी आपटलं, पोर किंचाळलं. "अगं बाई! थांब हं जरा."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मार्लिस कुणाला तरी "कुठे लागलं, बघू" म्हणत होती. रडणं कमी झालं. जावई आत आला, काहीतरी विचारून गेला. खुर्ची सरकली. ताटं मांडल्याचे आवाज आले, मुलगी हसली, मार्लिस म्हणाली, "हात धुतलेस का?" आणि सगळे बसले. बहुतेक फोनचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. व्हर्लिनने आपल्या बाजूची खुर्ची आवाज न करता मागे ओढली, बसला, आणि त्यांचं जेवण चालू होतं तोवर फोन कानाला धरून ऐकत राहिला.