सुलूची ओटी

मावशी गेल्याचा फोन दिंद्रुडहून कमलकाकूंनी केला. त्यांचं घर मावशीच्या दुकानाला लागूनच, मावशीला त्या अक्का म्हणायच्या. आधी पोटभर रडल्या, मग नाक ओढत म्हणाल्या, "एक बरं झालं बाई, सुलूचं अक्काला शेवटपर्यंत कळालं न्हाई." आणि बीडच्या बसस्टँडवर, डोळ्यांत पाणी असताना मला हसू फुटलं.

सुलू म्हणजे एका मालिकेतली पोर. मावशीचं बांगड्यांचं नि कटपीसचं दुकान. साडेसात वाजले की शटर अर्ध्यावर यायचं, गल्लीतल्या बाया वाकून आत शिरायच्या आणि अर्धा तास सुलूसाठी जीव टाकायच्या. गिऱ्हाईक आलंच तर मावशी आतूनच ओरडायची, "सुलूला ताप हाय, आठला या!" मावशीला मूलबाळ नव्हतं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

शेवटच्या भागात सुलू सासरी निघणार होती. मी सुटीला तिथंच होते. मावशीनं पुरण घातलं, खण-नारळ-तांदूळ काढले आणि चक्क टीव्हीची ओटी भरली. आता हिरव्या बांगड्या कुणाला भरायच्या? "टीव्हीला हात कुठंयत गं?" मावशीचे यजमान, आमचे काका म्हणाले. मावशीनं शांतपणे रिमोट उचलला आणि दोन बांगड्या त्याच्यावर चढवल्या. माप बरोबर बसलं! बाया हसून हसून बेजार झाल्या. मग पडद्यावर सुलू गाडीत बसली, सगळ्यांचे पदर डोळ्यांना लागले... आणि नेमकी लाईट गेली.

आम्ही मागच्या गल्लीतल्या इन्व्हर्टरवाल्या घराकडे पळालो. मावशी हलली नाही. "ओटी भरून लावून दिली पोरीला. आता माघं कावून पळायचं?" तिकडं जाऊन बघतो तर सुलूची गाडी घाटात कोसळली, सुलू गेली, मालिका खलास. लिहिणारा समोर असता तर बायांनी त्याला धड जाऊ दिलं नसतं. परत आलो तर मावशी दारातच, हातात बांगड्या भरलेला रिमोट. "पोचली का गं?"

कमलकाकूंनी घाईघाईनं डोळे पुसले. "पोचली अक्का. लई सुखात हाय."

तेवढ्यावर भागलं असतं तर! मावशी खोदून विचारायला लागली. सासू कशी हाय? पंचमीला माहेरी कावून आली न्हाई? शेवटी कमलकाकूंनी थाप ठोकली की मालिका दुसऱ्या चॅनलवर गेलीय, ते इथं दिसत नाही, पण माझ्या माहेरी, चकलांब्याला दिसतं. झालं! काकू माहेराहून आल्या की मावशी चहा ठेवायची आणि काकूंना सुलूचा संसार पुढं ढकलावा लागायचा. दिराशी भांडण, शिलाई मशीन, मग जुळी पोरं. जुळ्यांचे तर मावशीनं पेढे वाटले. ते आम्ही मान खाली घालून खाल्ले. कुणी खरं बोलून गेलं तर ही मोडून पडेल, एवढीच धास्ती आम्ही इतकी वर्षं बाळगली.

मावशीचे दिवस झाल्यावर सगळ्या बाया बसलेल्या असताना मी काकांना हे सांगून टाकलं. काका खो खो हसले. "अगं, तिला दुसऱ्याच दिवशी कळालतं! दुपारी परत दाखवलं की टीव्हीवर. लई रडली. मग म्हणली, बाया माझ्यासाठी एवढं खोटं बोलतेत, बघू तरी कुठवर नेतेत. कमल पाठमोरी झाली की पदर तोंडात कोंबून हसायची."

कमलकाकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अन् म्या जुळ्यांची नावं पाठ करून यायची!" त्या म्हणाल्या आणि हसता हसता पुन्हा रडल्या. मीही रडले. आम्ही मावशीला सांभाळतोय असं समजत होतो, आणि ती आमच्याकडून मालिका चालवून घेत होती.

परवा साडेसातला काकांनी शटर अर्ध्यावर ओढलं. बाया सवयीनं वाकून आत आल्या. टीव्ही कुणी लावला नाही. रिमोट तिथंच होता, दोन्ही बांगड्यांसकट. कमलकाकू माझ्याकडे वळल्या. "अक्का पोचली असंल का गं?"

"पोचली," मी म्हणाले. "सुलू न्यायला आलती."

काकांनी रिमोटवरच्या बांगड्या सारख्या केल्या. "जुळी संगं होती का?"