येण्याची वेळ सांगणाऱ्या बाई

गुरुवार, २१ नोव्हेंबर १९९६, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. वाशीतील औषधाच्या एका दुकानावर दोन खोल्यांचा दवाखाना होता. तेथे मी बाईंसमोर प्रथम बसलो. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. पेशंट त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. त्यांच्या दारावर एक पाटी टांगलेली असे. चहाला जायचे असले तरी बाई तिच्यावर परतण्याची वेळ खडूने लिहून जात, आणि नेमक्या त्या वेळेला जिन्यात त्यांच्या चपला वाजत. मी महाप्याच्या एका कारखान्यात फोरमन होतो. वेळ पाळणारी माणसे मला क्वचितच भेटत.

बरोबर माझी मुलगी वैशाली, जावई आणि व्याही होते. लग्नाला वर्षही झाले नव्हते. जावयाला सानपाड्याच्या घरी पोचायला अर्धा तास उशीर झाला, की वैशाली त्याच्या ऑफिसात फोनवर फोन करी. तो आला की ताट भिरकावी, ‘निघून जा’ म्हणे, आणि तो खरेच दारापर्यंत गेला की त्याचे पाय धरी.

व्याह्यांना कागद हवा होता. “डॉक्टर, एकच ओळ लिहा. हे लग्नाआधीपासूनच आहे म्हणून. आमचं टेन्शन संपलं, यांचंही संपलं.”

त्या एका ओळीवर लग्न मोडणार होते, हे खोलीतील प्रत्येकाला ठाऊक होते. मीही तयारीने गेलो होतो. कारखान्यातील बिघाडाची नोंदवही मी वीस वर्षे राखली. बिघाडाची वेळ लिहिल्याशिवाय मी कोणाला पान्याला हात लावू देत नसे. मी डायरी काढून वाचले, “रविवार, ३ मार्च, दुपारी चार. पहिलं ताट. म्हणजे लग्नानंतर सव्वा महिन्याने.”

बाईंनी दोघांचे ऐकून घेतले. मग मला विचारले, “फोरमनसाहेब, बेअरिंग मोडतं, त्याच दिवशी खराब झालेलं असतं का?”

“नाही. आधी आवाज करतं.”

“मग त्या आवाजाची नोंद कुठंय?”

मी डायरी मिटली.

“शाळेची प्रगतिपुस्तकं जपलीयत ना? घेऊन या. मी जेवून येते. एक वाजून वीस मिनिटांनी इथं असेन.” पाटीवर तेच लिहून त्या गेल्या.

प्रगतिपुस्तके त्या सर्वांकडेच मागत, हे पुढे कळले. आईबापांच्या आठवणींवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्या म्हणत, “आईबापांना आठवतं ते निकाल लागल्यावर. शिक्षकानं त्याच वर्षी लिहून ठेवलेलं असतं.” गुण त्या पाहतच नसत. फक्त शेरा पाहत.

एक वाजून वीस मिनिटांनी चपला वाजल्या. मी घरून आणलेली पुस्तके बाईंनी टेबलावर ओळीने मांडली आणि मोठ्याने वाचू लागल्या. पहिली, वाशी: ‘आनंदी, बडबडी.’ दुसरी, साताऱ्याकडचे आमचे गाव: ‘दाराकडे पाहत बसते.’ पाचवी, पुन्हा वाशी: ‘मैत्रिणीवर जीव टाकते, लगेच अबोला धरते.’ सातवी, पुन्हा गाव: ‘शाळा सुटली तरी घरी जात नाही.’ दहावी: ‘हुशार. राग अनावर.’

मी खुर्ची पुढे ओढली. बंद पडलेल्या यंत्रातील बिघाडाचे मूळ हाती लागू लागते, तेव्हा छातीत जी धडधड होते, तीच सुरू झाली. व्याहीसुद्धा वाकून वाचत होते. “अरे, हे तर पायरी पायरीनंच वाढत गेलंय,” ते म्हणाले.

“पहिली आणि दुसरीच्या मधे काय झालं?” बाईंनी विचारले.

“हिची आई आजारी पडली. माझी शिफ्टची नोकरी. हिला गावी भावाकडे ठेवलं.”

“ठेवून निघालात कसे?”

“पहाटेच्या एसटीनं. ही झोपली होती.”

“उठवलं नाही?”

“रडली असती.”

“आणि उठल्यावर?”

“माहीत नाही. मी एसटीत होतो.”

वैशाली म्हणाली, “बाई, बाबा गावी आले की मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून झोपायचे. सकाळी हातात गोधडी असायची. दर वेळी.”

धडधड थांबली नाही. मात्र मूळ कोठे सापडले, ते मला कळले होते. मी म्हणालो, “माझा थोरला मुलगाही तिथंच राहिला. त्याला काही झालं नाही.”

“नसेलच झालं. तो मुळात वेगळ्या मातीचा. ही जन्मतः हळवी, त्यात अशा पहाटा, आणि पुढे वयात येताना ती भीतीच स्वभाव होऊन बसली. यातलं एकच असतं तर कदाचित निभावलंही असतं. मी इथं चोर पकडायला बसलेली नाही, फोरमनसाहेब. अठराच्या आत तर मी असल्या आजाराचं नावसुद्धा घेत नाही; तेव्हा माणूस घडतच असतो. आणि ही बाविशीची आहे. अजून पुष्कळ घडायची आहे.”

बाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या: ‘सुरुवातीची तारीख सांगता येत नाही. उपचार करता येतात.’ व्याह्यांनी त्या दोनदा वाचल्या. “याचा मला काय उपयोग?” म्हणून ते उठले. जावई बसूनच राहिला, वडिलांना म्हणाला, “दादा, तुम्ही व्हा पुढं. मी हिच्याबरोबर येतो.” मला उठून त्याचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

पुढे तीन वर्षे, दर गुरुवारी, ती दोघे बाईंकडे गेली. ताटे एकदम थांबली नाहीत. आधी आठवड्याची महिन्यावर गेली, मग मोजण्यासारखी राहिली नाहीत. दवाखाना बंद करून बहिणीकडे जायचे बाईंनी ठरवले, तेव्हा त्यांनी वैशालीला सहा महिने आधी सांगितले आणि दर गुरुवारी उरलेल्या भेटी मोजून दाखवल्या. शेवटच्या भेटीत वैशाली रडली. ताट मात्र फुटले नाही. बाईंच्या निधनाचे कळले, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या पाटीवर शेवटी त्यांनी काय लिहिले, हे विचारायचे राहून गेले.

त्या पहिल्या दिवसाचे एक सांगायचे राहिले. दवाखान्यातून आम्ही तिघे माझ्या घरी आलो. वैशाली थकून झोपली, जावई उशाशी बसला. माझी दुसरी पाळी होती. मी नेहमीप्रमाणे पावलांचा आवाज न करता दाराशी गेलो, बूट चढवले, कडीवर हात ठेवला. मग बूट काढले, आत गेलो, तिला हलवून उठवले आणि म्हणालो, “वैशाली, मी कामावर निघालोय. रात्री पावणेबाराला येतो.”