थंड टर्बोची शिट्टी

भूत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. उभा जन्म डिझेल इंजिनांत हात काळे करण्यात गेला. आवाज आला की त्याला कारण असतं, आणि कारण सापडलं नाही तर मिस्त्री कच्चा — इतकं साधं माझं गणित. त्यात न बसणारी एकच गोष्ट माझ्याकडे आहे.

मागच्या महिन्यात जावयाची जुनी डिझेल गाडी शिट्टी मारायला लागली, काळा धूर सोडायला लागली, चढावर दम टाकायला लागली. मी सोबत गॅरेजला गेलो. तिथल्या मेकॅनिकने टर्बो काढून फडक्यावर ठेवला आणि कौतुकाने म्हणाला, "काका, तुम्ही जुने मिस्त्री. हात लावून बघा बरं, शाफ्ट हलतोय का." मी उठून सरळ बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. जावई विचारत राहिला काय झालं म्हणून. त्याला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

साल त्र्याहत्तर, उन्हाळा. पावसाने दगा दिलेला, विहिरींचे तळ फाटलेले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. औंढा नागनाथहून जवळा बाजारकडे जाताना आत तीन-चार मैलांवर एक गाव आहे — नाव सांगत नाही, त्या माणसांची नातवंडं तिथे राहतात. गावात बोअर पाडायला मशीन आलं होतं. मी सव्वीस वर्षांचा, परभणीच्या एका ठेकेदाराकडे मिस्त्री; इंजिन धूर ओकायला लागलं म्हणून त्याने मला तिकडे पाठवलं. मशीनचं इंजिन जुनं, परदेशी, आणि त्यावर टर्बो. त्या काळी आमच्या भागात टर्बो बघितलेले मिस्त्री हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यातला मी एक, त्यामुळे चार बोटं जमिनीच्या वरूनच चालायचो.

टर्बो म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. एका दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, दोन टोकांना दोन पंखे. इंजिनाचा तापलेला धूर एक पंखा फिरवतो, आणि दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. मधला दांडा तेलावर तरंगत फिरतो. म्हणून नियम असा, की जोरात चाललेलं इंजिन एकदम बंद करायचं नाही. पाच मिनिटं हळू चालू द्यायचं, दांड्याला थंड व्हायला वेळ द्यायचा. नाही तर आतलं तेल तिथेच जळून त्याची खापरी बनते.

आणि हे लोक काय करत होते? दर दहा फुटांवर गावचे वडीलधारे आबा हात वर करायचे आणि इंजिन तिथल्या तिथे बंद! मग आबा भोकाला कान लावून आडवे पडायचे आणि सगळं गाव श्वास रोखून उभं राहायचं. पाण्याचा आवाज ऐकायला! दोन आठवडे हेच चाललं होतं.

मी आबांना सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "मिस्तरी, मशिन थांबल्या थांबल्या पानी बोलतं. पाच मिंटं गेली की गाळ बसतो अन् ते बी गप होतं. आमी काय हौसंनं करून राहिलो का?"  हंडाभर पाण्यासाठी बाया दोन-दोन मैल चालत होत्या.

मशीन चालवायचा पाशाभाई, हैदराबादकडचा. इंजिनाच्या दांडीवर उभा असायचा गावातलाच किसन, तीन रुपये रोजावर. त्याचं काम एकच, खूण झाली की बंद करायची दांडी ओढायची. त्या गोंगाटात माणसाचं बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण किसनला खुणांची सवय घरातूनच होती. त्याची बायको गिरजा जन्मतःच बहिरी, मुकी. दोघं हातांनी बोलायची. पाशाभाईला ते इतकं आवडलं की मशीनवर सगळे गिरजाच्याच खुणा वापरायला लागले. मूठ आवळली की थांब. दोन बोटं म्हणजे वाढव. आणि तळहात छातीवर ठेवून दोनदा थोपटला की सगळं ठीक, काळजी नाही. ही खूण मला फार आवडायची. मी पहिल्याच दिवशी शिकलो.

"मिस्त्री, इंजन में जान नै रही," पाशाभाई म्हणाला. "धुआं देखो, और ये चीं-चीं सुनो."

लिंबाच्या सावलीत गोणपाट टाकून टर्बो उतरवला. हवेच्या पाइपात हात घातला, तर बोटं तेलाने बरबटली. म्हणजे तेल अडवणारं सील गेलं. दांडा बोटांनी हलवून पाहिला, हलत होता, पण चालण्याजोगा. सील बदललं, पंखे डिझेलने धुतले. राहिला तेल परत जायचा पाइप. तो मी तोंडाने फुंकून बघितला. हवा गेली. मी खूश झालो... तार घालून आतून खरवडायला हवा होता. आबा दर घटकेला येऊन विचारत होते, मलाही कंटाळा आला होता, ऊन मी म्हणत होतं. फुंकलं आणि बाजूला ठेवलं.

दुपारी गिरजा किसनची भाकरी घेऊन आली. टर्बो गोणपाटावर पडलेला, सुटा. इंजिन सकाळपासून बंद. पाशाभाई झोपलेला, किसन हात धूत होता. गिरजाने भाकरी खाली ठेवली, उकिडवी बसली आणि उगाच गंमत म्हणून टर्बोवर तळहात ठेवला.

हात तसाच राहिला. मग चटका बसावा तसा तिने तो झटकन मागे घेतला. टर्बो थंडगार होता, मी आत्ताच धुतला होता.

आणि तिने तोंड उघडलं.

शिट्टी... बारीक, धातूची वाटावी अशी. वर चढत गेली, एकदम अडकली. पुन्हा चढली, आधीपेक्षा वर, पुन्हा अडकली. तिसऱ्यांदा इतकी वर गेली की मी कानांवर हात ठेवले, आणि तिथेच तोडल्यासारखी थांबली. पाशाभाई दचकून उठून बसला. जिने आयुष्यात एक आवाज ऐकला नव्हता, तिच्या तोंडातून हा आवाज आला होता.

किसनच्या हातातून तांब्या पडला. गिरजा त्याचा हात धरून त्याला ओढायला लागली, भराभर खुणा करायला लागली.

"काय म्हणती रे?" मी विचारलं.

"मिस्तरी, ती म्हणून राहिली, दांडीवर जाऊ नको. हे तुला खाईन म्हणते." किसन हसायचा प्रयत्न करत होता. "असं कधीच केलं न्हाई हिनं. उद्याच्या दिवस दुसरं कोनी उभं केलं तर?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू? राग यासाठी आला की माझ्या कामावर शंका घेतली होती, तीही एका अडाणी बाईने. "अरे, मी स्वतः बघितलंय ना इंजिन! गावातल्या दुसऱ्या कुणाला तुझ्या खुणा समजतात का? आबांना पाणी पाहिजे की नको? आणि दांडी सोडायची नाही, काही झालं तरी. समजलं?"

"व्हय," किसन म्हणाला.

गिरजा माझ्याकडे बघत होती. मी तिच्यासमोर गेलो, तळहात छातीवर ठेवला आणि दोनदा थोपटला. सगळं ठीक, काळजी नाही.

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने किसनचा हात सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन असं चाललं की पाशाभाईने मला मिठी मारली. धूर स्वच्छ, दम पूर्ण. दहाच्या सुमारास आबांनी हात वर केला. पाशाभाईने मूठ आवळली. किसनने दांडी ओढली.

इंजिन थांबलं नाही. क्षणभर मंदावलं आणि पुन्हा चढलं.

डिझेल बंद झालं होतं. पण ते आता डिझेलवर चालतच नव्हतं. टर्बोतून गळणारं स्वतःचंच तेल पिऊन चाललं होतं. अशा वेळी उपाय एकच, हवेचं तोंड कोंबून बंद करायचं. मला ते पाठ होतं. मी ओलं पोतं उचललं आणि धावलो. शिट्टी चढली... अडकली. पुन्हा चढली... अडकली.

आणि मी थांबलो.

तोच आवाज होता. कालचा. तीच चढण, तोच अडथळा, तसूभरही फरक नाही. हातात पोतं घेऊन मी उभा राहिलो, दोन श्वास, फार तर तीन. किसन दोन्ही हातांनी दांडी ओढत होता, कारण दांडी सोडायची नाही असं त्याला मीच सांगितलं होतं. तिसऱ्यांदा शिट्टी वर गेली आणि टर्बो फुटला. एक तुकडा किसनच्या मानेत घुसला. तो खाली पडला तेव्हा त्याच्या मुठीत दांडी तशीच होती.

सगळं गाव ओरडत धावलं. कोंबड्या उडाल्या, बैलाने दावं तोडलं. आणि तीस-चाळीस पावलांवर, आमच्याकडे पाठ करून, गिरजा सुपात रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत बसली होती. जमिनीचा हादरा तिला दोन आठवड्यांत सवयीचा झाला असावा. तिने मान वळवली नाही. एक खडा उचलला, टाकला. दुसरा उचलला, टाकला.

तिला सांगायला कुणीच पुढे होईना. शेवटी मी वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

नंतर मी पुष्कळ डोकं खाजवलं. बहिऱ्या माणसांना कंप जास्त कळतो, असं एका डॉक्टरांनी मला समजावलं. कबूल. पण कंप कशाचा? टर्बो सुटा होता, थंड होता. आणि फुटताना तो कसा वाजेल हे मलाही माहीत नव्हतं, कारण तोवर तो फुटलाच नव्हता. तेल परत जायच्या पाइपात जळक्या तेलाची खापरी निघाली; वाट तुंबल्याने तेल सीलमधून हवेत शिरलं होतं, त्यामुळे इंजिन का पळालं याचं कारण मिळालं, आणि ते कारण मी होतो. शिट्टीचं कारण आजतागायत मिळालेलं नाही. पुढे दुसरं इंजिन आलं, आणखी अकरा फुटांवर पाणी लागलं. ते बघायला मी थांबलो नव्हतो.

मी समोर उभा राहिलो तेव्हा गिरजाने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग शर्टाकडे, मग तोंडाकडे. सूप खाली ठेवलं. आणि भुवया उंचावून, माझ्याकडे बघत, तिने आपला तळहात छातीवर ठेवला आणि दोनदा थोपटला.

ती विचारत होती. मी हात वर उचलला, आणि तो तसाच राहिला.